पाण्याखाली कॉम्प्युटर बंद पडला तर?

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप हँग होणं हे आपल्या हॉस्टेलात काही नवीन नाही. दोन शिव्या घालायच्या, शेजारच्या रूममधून दुसरा उचलून आणायचा आणि पुढे चालू. माझा कॉम्प्युटर मात्र मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ, १४ मीटर पाण्याखाली बंद पडला. मनगटावर बांधायचा, जाडसर घड्याळाएवढा. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात.

मी दादरचा. पोहायला शिकलो शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात आणि स्कूबाचा कोर्स केला तारकर्लीला. कॉम्प्युटर मावसभावाचा. तो मर्चंट नेव्हीत असतो, सुट्टीला आला की डाइव्हिंगला जातो. निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी लो दाखवायला लागली म्हणून दादर स्टेशनजवळच्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सेल बदलला आणि स्पष्ट सांगितलं, "आतली रबरी रिंग नवीन टाक बाबा, ही चपटी झालीय. माझ्याकडे या मापाची नाही." मी म्हटलं, चालतंय.

नाही चालत. पण त्याआधी हे यंत्र करतं काय, ते सांगतो.

समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २० मीटरवर आपण तिप्पट दाबाची हवा श्वासात घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडायला हवा. घाई केली, तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तेच शरीरात होतं. सांधेदुखीपासून थेट लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

किती खोल, किती वेळ चालेल, याचं पहिलं शास्त्रशुद्ध कोष्टक जे. एस. हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली मांडलं. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला. भुवनेश्वरला वारला.) त्यांनी शरीराचे पाच कप्पे मानले. काही पटकन भरणारे, काही सावकाश. पुढे झुरिकच्या ब्यूलमान यांनी सोळा कप्पे केले. सर्वात संथ कप्प्याचा अर्धकाळ ६३५ मिनिटांचा! आजचे बरेच डाइव्ह कॉम्प्युटर हेच गणित वापरतात. आत एक प्रेशर सेन्सर, एक घड्याळ, एक प्रोग्रॅम. दर काही सेकंदांनी दाब मोजायचा आणि प्रत्येक कप्पा किती भरला ते काढायचं. सेकंड इयरला आपण आरसी सर्किटचं चार्जिंग करतो ना, तेच.

आता नेत्राणी. सकाळची पहिली डाइव्ह १६ मीटर, ४० मिनिटं. तासभर बोटीवर. दुसऱ्या डाइव्हला चौदाव्या मिनिटाला आकडे फिके झाले आणि स्क्रीन कोरी. काचेच्या आत पाण्याचा थेंब हलताना स्पष्ट दिसला. घड्याळ मी घातलं नव्हतं. वेगळा डेप्थ गेज नव्हता. त्या क्षणी मी किती खोल आहे, किती वेळ झाला, किती वेगाने वर जातोय, यातलं मला काहीच कळत नव्हतं. खाली निळं, वर निळं. हवेचा काटा तेवढा होता, कारण तो साधा यांत्रिक. डाइव्हमास्टरला खूण केली. त्याने माझा पट्टा धरला, स्वतःच्या कॉम्प्युटरवर हळूहळू वर आणलं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवलं. झालं काहीच नाही. पण तो दहा फुटांवर नसता तर?

बोटीवर एकाने आपला जादा कॉम्प्युटर देऊ केला. मी खूश! डाइव्हमास्टर मालवणचा, तो म्हणाला, "ह्येका काय म्हाईत, तू सकाळी खंय होतंस तां?" खरी मेख इथेच आहे. पिशवीत पडून राहिलेल्या कॉम्प्युटरला माझ्या अंगातला नायट्रोजन माहीतच नाही. त्याच्या लेखी मी कोरा करकरीत. बॅकअप उपयोगी पडायचा तर तो पहिल्या डाइव्हपासून अंगावर हवा. आपल्या भाषेत हॉट स्टँडबाय. तो नसेल तर २४ तास पाण्याबाहेर. दुसरा दिवस मी बोटीवर उलट्या करणाऱ्यांना लिंबू देण्यात घालवला.

मग दोन घेतले की झालं? समजा, एक यंत्र २०० डाइव्हमध्ये एकदा दगा देतं. दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता ४०,००० त एक. पण हे गणित दोघांचे दोष स्वतंत्र असतील तरच. युवाटेक कंपनीचं अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स हे मॉडेल २००३ मध्ये अमेरिकेत परत मागवलं गेलं. १९९६ पूर्वी बनलेल्या नगांतला प्रोग्रॅम असं धरत होता, की बोटीवर बसलेला माणूसही सिलिंडरमधला कमी नायट्रोजनचा वायूच घेतोय. प्रत्यक्षात तो घेतो साधी हवा. त्यामुळे पुढच्या डाइव्हला यंत्र जरुरीपेक्षा जास्त वेळ देई. असे दोन नग बांधले असते तर दोघांनी अगदी एकमताने चुकीचं उत्तर दिलं असतं. जर्नल कॉपी करणाऱ्या दोघांसारखं.

म्हणून दुसरं साधन वेगळ्या जातीचं असलेलं बरं, असं माझं मत. यांत्रिक डेप्थ गेज, पाण्यात चालणारं घड्याळ आणि प्लास्टिकवर छापलेलं कोष्टक. एका प्रचलित कोष्टकानुसार पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर फक्त २०. कोष्टक सरासरी काढत नाही, सबंध वेळ सर्वात खोल जागीच गेला असं धरतं. म्हणून वेळ कमी मिळतो, पण बॅटरी लागत नाही. हवेचंही तसंच. जादा माउथपीस, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, तो मूळ रेग्युलेटरच्याच फर्स्ट स्टेजला जोडलेला असतो. फर्स्ट स्टेज गेली की दोन्ही गेले. वेगळा छोटा सिलिंडर हाच खरा बॅकअप, नाहीतर हाताच्या अंतरावरचा जोडीदार. आणि आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचे तुकडे कुठेही तरंगत असतात, तेव्हा सुरी हवीच.

काकांकडे परत गेलो. त्यांनी झाकण उघडलं, हिरवी पडलेली सर्किट बोर्ड माझ्यासमोर धरली आणि काहीच बोलले नाहीत. मावसभाऊ मे महिन्यात जहाजावरून उतरतोय. तोवर हा अंक त्याच्या हाती पडू नये, एवढीच संपादक मंडळाला विनंती.