बंद हंगामाची शाळा : पुस्तकातले नियोजन आणि कामावरचे नियोजन



गळीत हंगाम संपला, शेवटची गाडी रिकामी झाली, की पुष्कळांना वाटते आता कारखान्यात दिवाळीपर्यंत काही काम नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. पुढच्या हंगामाची मोळी गव्हाणीत कोणत्या तारखेला पडणार, हे याच बंद हंगामात ठरत असते. सरकारने गाळपाची परवानगी वेळेवर दिली, पण मिल उघडीच पडली असेल, तर परवानगीचा कागद काय कामाचा?

या उशिराचा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना १० दिवस उशिरा सुरू झाला, तर २५,००० टन ऊस हंगामाच्या शेवटी, उन्हाच्या तोंडी जातो. त्या उसाचा उतारा नुसता अर्धा टक्का घसरला, तरी १,२५० क्विंटल साखर गेली. आणि उसाचा दर उताऱ्यावर ठरत असल्यामुळे हे नुकसान शेवटी आपल्याच बिलात उतरते. शिवाय ऊन वाढले की तोडणीच्या टोळ्या गावाकडे निघतात, आणि ज्याचा फड मागे राहिला त्याचा खोडवाही मागे पडतो.

म्हणून कामाचे नियोजन हा केवळ इंजिनिअर साहेबांचा विषय नाही. आता तर सभासदांची मुलेच ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ शिकून येऊ लागली आहेत. तेव्हा गावोगाव एक वाद ऐकू येतो. जुना फिटर म्हणतो, “पुस्तक वाचून रोलर बसत नसतोय.” शिकलेला मुलगा म्हणतो, “तोंडी अंदाजावर किती दिवस चालवायचं?” यात कोणाचे किती बरोबर, हे आजच्या पाठात पाहू.

पुस्तक काय शिकवते?

ज्या कामाला ठरलेली सुरुवात, ठरलेला शेवट, ठरलेला पैसा आणि एक उद्दिष्ट असते, ते काम म्हणजे प्रकल्प. रोजचे गाळप हा प्रकल्प नव्हे, ते चालू काम. पण मिल उघडून, दुरुस्त करून, वेळेत पुन्हा बसवणे हा प्रकल्प होय. विहीर खोदणे, पाइपलाइन टाकणे, मुलीचे लग्न काढणे हेही प्रकल्पच.

पुस्तक सांगते की कामाचे तुकडे पाडा, कोणता तुकडा कोणत्या तुकड्यावर अवलंबून आहे ते लिहा, आणि प्रत्येकापुढे दिवस मांडा. उदाहरणादाखल असे समजू :

मिल : उघडणे १२ दिवस, रोलर वर्कशॉपला पाठवून दुरुस्त करून आणणे ६० दिवस, बसवणे २० दिवस, चाचणी ५ दिवस. एकूण ९७ दिवस.

बॉयलर : उघडून साफ करणे १० दिवस, नळ्या बदलणे ४० दिवस, तपासणी १० दिवस, चाचणी ५ दिवस. एकूण ६५ दिवस.

आता कारखाना कधी सुरू होणार? ९७ दिवसांनी. बॉयलरला ३२ दिवसांची सवड आहे. म्हणजे बॉयलरवर वीस माणसे वाढवली, रात्रपाळी लावली, तरी मोळी एक दिवससुद्धा अलीकडे येणार नाही. उलट रोलर पाठवायला चार दिवस उशीर झाला की सगळा कारखाना चार दिवस मागे. ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख लटकलेली असते, तिला इंग्रजीत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. आपण तिला ‘खोळंब्याची साखळी’ म्हणू.

ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या यंत्रकंपनीचे जेम्स केली यांनी बसवली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लुईव्हिल येथील कारखान्यात ती देखभालीच्या कामालाच लावून पाहिली. म्हणजे आपल्या बंद हंगामासारखेच काम. तेथे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याचा सरासरी काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. तेव्हा ‘हे सगळं कागदावरचं’ असे म्हणून पुस्तक बाजूला सारणे शहाणपणाचे नाही.

६० हा आकडा कोठून आला?

पण वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. रोलरला ६० दिवस, हे कोणी सांगितले? पुस्तकात हा आकडा नाही. गणित बरोबर आहे, पण गणितात घातलेला आकडा चुकला तर उत्तरही चुकणार.

हा आकडा ज्याने काम केले आहे त्याच्याकडे असतो. त्याला ठाऊक असते की आसपासच्या सगळ्या कारखान्यांचे रोलर एकाच सुमाराला वर्कशॉपच्या दारात जातात; पंधरा दिवस आधी गेलेल्याचा नंबर लागतो, बाकीचे रांगेत. त्याला ठाऊक असते की बॉयलरच्या किती नळ्या बदलाव्या लागतील हे बॉयलर उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून बॉयलरला सवड असली तरी तो आधी उघडून पाहिलेला बरा, म्हणजे नळ्यांची मागणी वेळेत जाते. नागपंचमी, पोळा, गणपती या दिवसांत हजेरीपटावर नावे असतात पण माणसे गावाकडे असतात. आणि पावसाळ्यात बाहेरचे सिमेंटकाम कागदावर चालते, जागेवर नाही.

नवा इंजिनिअर तक्त्यात लिहितो : ‘कपलिंग सोडवणे, १ दिवस.’ जुना फिटर म्हणतो, “साहेब, हा बोल्ट गंजलाय. तापवल्याबिगर सुटायचा नाही, आणि गॅसचं सिलिंडर आजच मागवलं तर परवा येईल.” एका दिवसाचे तीन झाले. कोणत्याही विद्यापीठाने हा बोल्ट शिकवलेला नसतो.

विशेष म्हणजे पुस्तकवाल्यांनाही हे मान्य आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची ‘पीएमपी’ ही परीक्षा जगभर मानली जाते. तिला बसायचे तर चार वर्षांच्या पदवीधरालाही प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. नुसते पाठांतर करून तेथेही दार उघडत नाही.

‘बघू’ या शब्दाचे गणित

आता दुसरी बाजू. जुन्या माणसाला विचारले, “किती दिवस लागतील?” तर उत्तर येते, “बघू.” या ‘बघू’त त्याचे सगळे शहाणपण असते, पण त्यावर तारीख ठरवता येत नाही.

यावरही पुस्तकाने एक तोड काढली आहे. अमेरिकेच्या नौदलाने १९५८ मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. तीत एक आकडा न विचारता तीन विचारतात : सगळे सुरळीत झाले तर किती, साधारणपणे किती, आणि सगळे फिसकटले तर किती? समजा आपला फिटर म्हणाला, ५०, ६० आणि १००. मधल्या आकड्याची चौपट करा, बाजूचे दोन मिळवा आणि सहाने भागा. ५० अधिक २४० अधिक १०० म्हणजे ३९०. भागिले ६, उत्तर ६५. म्हणजे ६० नव्हे, ६५ दिवस धरून चाला. ‘बघू’चा आकडा झाला. पण तो १०० सांगायला असा माणूस लागतो, ज्याने एखाद्या वर्षी १०० दिवस लागलेले पाहिले आहेत.

याच पोलॅरिसच्या कथेत एक इशाराही आहे. हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, हे तक्ते प्रत्यक्ष काम हाकण्यापेक्षा बाहेरच्यांवर छाप पाडायला अधिक उपयोगी पडले. तेव्हा भिंतीवर रंगीत तक्ता दिसला म्हणून सभासदांनी लगेच खूश होऊ नये. तक्त्यावर शेवटची खूण कोणत्या तारखेला केली, हे जवळ जाऊन पाहावे.

अनुभव कोठे कमी पडतो?

अनुभवाचीही तीन दुखणी आहेत.

पहिले, अनुभव आपल्या खात्यापुरता असतो. बॉयलरवाल्याला बॉयलर मोठा वाटतो, मिलवाल्याला मिल. सगळ्यांची मिळून साखळी कोणती, हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

दुसरे, अनुभवाला उशिराची सवय लागते. “दरवर्षी असंच होतं” हे वाक्य एकदा रूढ झाले, की उशीर हा उशीर वाटेनासा होतो. बाहेरून आलेला मुलगा निदान ‘का?’ असे विचारतो.

तिसरे आणि सर्वांत महागडे दुखणे म्हणजे, अनुभव माणसाबरोबर जातो. फिटर निवृत्त होतो, सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि तीस वर्षांचे ज्ञान त्या शालीबरोबर घरी जाते. पुढच्या वर्षी तोच गंजलेला बोल्ट नव्या माणसाला नव्याने भेटतो.

शिवाय जे काम कोणीच केलेले नाही तेथे अनुभव आणायचा कोठून? इथेनॉलचा प्रकल्प काय, ऊसतोडणीचे यंत्र काय, पहिल्या वर्षी सगळेच नवशिके. तेव्हा पुस्तकच हातात धरावे लागते.

प्रवरेचा दाखला

हा वाद सहकारी साखर कारखानदारीने आपल्या जन्मातच मिटवला आहे. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ मध्ये पहिल्यांदा गाळपाला लागला. त्यामागे दोन माणसे होती. एक, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. धनंजयराव गाडगीळ, म्हणजे पुस्तकाचे माणूस. दुसरे, लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील, म्हणजे मातीचे माणूस. शेतकरी भागभांडवल कशावर देईल आणि कशावर देणार नाही, हे विखे पाटलांना गावोगाव फिरून ठाऊक होते. हिशेब आणि संस्थेची घडी कशी बसवायची, हे गाडगीळांना ठाऊक होते. दोघे एकाच टेबलाशी बसले. दोघांपैकी एकटे कोणी असते, तर कारखाना उभा राहणे कठीण होते.

आपल्या शेतावरचा पाठ

आता हे आपल्या रानात लावून पाहू. समजा, जुलैमध्ये आडसाली लागण करायची आहे आणि त्याआधी विहिरीवरून दूरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन न्यायची आहे. पुस्तक पाच कामे लिहील : कर्ज, पाइप, चर, मोटर, वीज जोडणी. अनुभव आणखी चार लिहील. ज्यांच्या रानातून चर जाणार त्या तिघांची संमती हवी, आणि त्यातला एक पुण्याला नोकरीला. त्यांचे रान मोकळे असतानाच चर मारता येणार, म्हणजे पीक निघाल्यावर आणि पेरणीच्या आत. मे महिन्यात जेसीबी सगळ्या गावालाच हवा असतो. आणि चर बुजवून बांध पूर्ववत करून दिला नाही, तर पुढच्या वर्षी पाइप फुटला तरी कोणी रानात पाय ठेवू देणार नाही.

आता शेवटाकडून उलटे मोजा. १५ जुलैला पाणी हवे. पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे मेअखेर, चर बुजलेली हवी. म्हणून संमती पाडव्याच्या आसपास हातात हवी. म्हणजे खोळंब्याची साखळी पाइपच्या दुकानातून जात नाही; ती भावकीच्या ओसरीवरून जाते. पाइप दोन दिवसांत येतात. संमतीला दोन महिनेही लागतात.

मग करायचे काय?

१. नव्याने शिकून आलेल्या मुलाने तक्ता करण्यापूर्वी एक बंद हंगाम फिटरच्या शेजारी उभे राहून काढावा. हाताला ग्रीस लागू द्यावे.

२. दिवस वरून ठरवून खाली सांगू नयेत. जो काम करणार त्याला तीन आकडे विचारावेत. आणि त्याने मोठा आकडा सांगितला म्हणून त्याला कामचुकार म्हणू नये. नाहीतर पुढच्या वेळी तो साहेबांना आवडेल तोच आकडा सांगेल.

३. प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवावेत : ठरवलेले दिवस, लागलेले दिवस, फरकाचे कारण. ही वही म्हणजे आपल्या कारखान्याचे स्वतःचे पाठ्यपुस्तक. पाच हंगामांची वही जमली, की ती विकतच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची.

४. निवृत्त होणाऱ्या कामगाराने शेवटच्या वर्षी आपले ठोकताळे सांगावेत आणि शेजारच्याने ते लिहून घ्यावेत. शाल नंतर द्यावी, वही आधी भरावी.

५. वार्षिक सभेत ‘दुरुस्ती झाली का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘खोळंब्याची साखळी कोणती होती आणि ती कोठे अडकली?’ असे विचारावे. सभासद मालक आहेत. मालकाला हा प्रश्न शोभतो.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) वरच्या उदाहरणात रोलर ६० ऐवजी २० दिवसांत परत आले, तर खोळंब्याची साखळी कोणती होईल? एकूण दिवस किती? (सवड कोणाला मिळते तेही लिहा.)

(२) आपल्या घरच्या एका कामाची यादी करा. पुस्तकात सापडतील अशी कामे एका बाजूला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच कळतील अशी दुसऱ्या बाजूला लिहा.

(३) त्याच कामाचे शेवटच्या तारखेपासून उलटे दिवस मोजा. आज कोणते काम हाती घ्यायला हवे?

दुसरा प्रश्न मुलांनी आणि वडिलांनी एकत्र बसून सोडवावा, ही विनंती. उत्तरे आपापल्या गट कार्यालयात आणून द्यावीत. चांगल्या याद्यांमधले ठोकताळे पुढच्या अंकात सर्वांच्या उपयोगासाठी देण्याचा आमचा विचार आहे.