समानार्थी शब्द आणि एकाच शब्दाची दोन लेखने

चौथीच्या एका वर्गातील वह्या पाहताना असे आढळले की, एका मुलाने इंग्रजी ‘कलर’ हा शब्द ‘यू’ अक्षर न घालता लिहिला होता व त्यावर लाल फुली होती. शेजारच्या वहीत ‘यू’सह आणि ‘यू’विना अशी दोन्ही रूपे ‘समानार्थी शब्द’ या मथळ्याखाली मांडलेली असून तेथे मात्र ‘बरोबर’ अशी खूण होती. वास्तविक पहिला मुलगा चुकला नव्हता. दुसरा चुकला होता.

समानार्थी शब्द हे मुळात भिन्न शब्द होत. त्यांचे अर्थ जवळ असतात, पण क्वचितच सर्वस्वी एक. ‘बिग’ व ‘लार्ज’ घ्या. थोरल्या भावास ‘बिग ब्रदर’ म्हणतात. ‘लार्ज ब्रदर’ म्हटल्यास तो केवळ अंगाने थोराड ठरेल! ‘कलर’ची गोष्ट निराळी. तेथे शब्द एकच. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तो ‘यू’सह आहे, अमेरिकेत नोहा वेब्स्टर यांनी १८२८ च्या कोशात ‘यू’ गाळले. ‘सेंटर’च्या शेवटी इंग्रज ‘आर-ई’ लिहितो, अमेरिकन ‘ई-आर’. मराठीत १९६२ च्या लेखननियमांनंतर ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, म्हणून शब्द बदलला काय? ‘पाणी’ व ‘जल’ मात्र समानार्थी.

उच्चार एक, म्हणजे शब्द एक, असेही समजू नये. ‘दिन’ व ‘दीन’ यांत केवळ वेलांटीचा फरक, पण अर्थ अगदी वेगळे. इंग्लंडात लांबीचे ‘मीटर’ ‘आर-ई’ने संपते, विजेचे ‘ई-आर’ने, अमेरिकेत दोन्ही ‘ई-आर’नेच. तेव्हा शब्द वाक्यात घालूनच परीक्षा करावी.

काही शब्द एका कुळातले असूनही आज वेगळे नांदतात. ‘वॉर्डन’ व ‘गार्डियन’ हे एकाच फ्रेंच शब्दाच्या दोन बोलींतून इंग्रजीत आले. पण वसतिगृहाच्या वॉर्डनला कोणी मुलाचा गार्डियन म्हणून सही करू देणार नाही.

शिकविताना पाठ्यपुस्तकातील रूपच फळ्यावर लिहावे. मुलाने दुसरे प्रचलित रूप लिहिल्यास गुण कापू नयेत. मात्र एका उताऱ्यात एकच पद्धत ठेवण्यास सांगावे. फुली मिळालेल्या त्या मुलास, “हे कोठे पाहिलेस?” असे विचारले, तेव्हा त्याने निमूटपणे दप्तरातील रंगखडूंची पेटी पुढे केली.