मोठे जहाज म्हणजे किती मोठे?

समजा, एका कुटुंबाने मुंबईहून गोव्यापर्यंत क्रूझची एक सफर केलेली आहे. पुढच्या खेपेस दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या जहाजाने जावे, असा बेत आहे. घरात तीन मते पडतात. आजींना मागच्या वेळी बोट लागली होती, म्हणून त्यांना जहाज मोठ्यात मोठे हवे. वडिलांना गर्दी नको. मुलीला पुष्कळ बंदरे पाहायची आहेत. तिघेही माहितीपत्रकातील एकच आकडा पाहतात : जहाज इतक्या हजार टनांचे. पण हा एक आकडा तिघांनाही उत्तर देऊ शकेल काय?

टनेज म्हणजे वजन नव्हे

माहितीपत्रकात छापलेले 'ग्रॉस टनेज' हे जहाजाचे वजन नसून त्याच्या आतील बंदिस्त जागेचे माप होय. पूर्वी मद्याची किती पिंपे मावतात यावरून जहाजाची क्षमता ठरवीत. 'टन' हा शब्द त्या पिंपाच्या नावावरूनच आला. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (तो १९८२ पासून अमलात आला) हे माप पुढील सूत्राने काढतात :

ग्रॉस टनेज = आ × (०.२ + ०.०२ × लॉग आ)

येथे 'आ' म्हणजे बंदिस्त जागेचे घनमीटरमधील आकारमान. लॉगचा पाया १०.

वजन मात्र आर्किमिडीजच्या तत्त्वाने कळते. तरंगणाऱ्या जहाजाचे वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. आता गंमत पाहा. १९१२ मधील 'टायटॅनिक'चे टनेज जुन्या पद्धतीने सुमारे ४६,००० होते आणि वजन सुमारे ५२,००० टन. २००९ मध्ये सेवेत आलेल्या 'ओएसिस ऑफ द सीज'चे टनेज सुमारे २,२५,०००, पण वजन सुमारे १,००,००० टन! म्हणजे आतील जागा जवळजवळ पाचपट, वजन मात्र दुप्पटच. टायटॅनिक पाण्यात सुमारे १०.५ मीटर बुडत असे, तर ओएसिस सुमारे ९ मीटरच बुडते. आधुनिक क्रूझ जहाज म्हणजे रुंद तराफ्यावर उभारलेली हलकी, उंच इमारत आहे.

पहिला प्रश्न : गर्दी किती?

टनेज हे जागेचे माप असल्याने त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, की दर माणशी किती जागा आहे याचा अंदाज येतो. खालील आकडे स्थूलमानाने दिले असून दर खोलीत दोन प्रवासी धरले आहेत.

एम्प्रेस (बांधणी १९९०; २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या सफरी सुरू) : ४८,५०० ÷ १,६०० = ३०
ओएसिस ऑफ द सीज (रॉयल कॅरिबियन) : २,२५,००० ÷ ५,४०० = ४२
क्वीन मेरी २ (क्युनार्ड, २००४) : १,४८,५०० ÷ २,६२० = ५७
सीबोर्न क्वेस्ट (सीबोर्न, २०११) : ३२,००० ÷ ४५० = ७१

या यादीतील सर्वांत लहान जहाजावर दर माणशी जागा सर्वांत जास्त आहे! अर्थात ही सरासरी आहे. इंजिनखोली, स्वयंपाकघर, नाट्यगृह हे सर्व तीत येते. खोलीचा आकार तीवरून कळत नाही. आणि ही जास्तीची जागा फुकट मिळत नाही, ती भाड्यात येतेच.

दुसरा प्रश्न : जहाज हलेल किती?

खोल समुद्रातील लाटेची तरंगलांबी मीटरमध्ये काढायची असेल, तर आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणावे. ८ सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी सुमारे १०० मीटर येते. ३६० मीटर लांबीचे जहाज अशा तीन-चार लाटांवर एकाच वेळी टेकलेले असते. त्यामुळे नाळ वर उचलणारी आणि खाली नेणारी बले बरीचशी एकमेकांना रद्द करतात. शंभर मीटरचे जहाज मात्र लाटेबरोबर चढते आणि उतरते. पण लाट १४ सेकंदांची असेल, तर तरंगलांबी ३०० मीटरच्या वर जाते. तेव्हा मोठ्या जहाजाचीही सुटका नाही.

हे पुढेमागे डोलणे झाले. आडव्या डोलण्याचा आवर्तकाल सेकंदांत काढण्यासाठी जहाजाच्या रुंदीला ०.८ ने गुणून 'स्थैर्य-उंची'च्या वर्गमुळाने भागावे. जहाज कलले की उत्प्लावक बलाची रेषा मध्यरेषेला एका बिंदूत छेदते. त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतची उंची म्हणजे स्थैर्य-उंची. मेटासेंटर वर असेल तर जहाज पुन्हा सरळ होते, खाली असेल तर उलटते. जहाजावर मजले चढवले की गुरुत्वमध्य वर जातो. म्हणून मेटासेंटरही वर न्यावा लागतो, आणि त्याचा उपाय म्हणजे रुंदी. रुंदीचा वर्ग भागिले बुडालेली खोली, या प्रमाणात तो वर सरकतो. टायटॅनिकची रुंदी २८ मीटर आणि ओएसिसची पाण्याच्या रेषेवर ४७ मीटर. हा भागाकार अनुक्रमे सुमारे ७५ आणि २४५ येतो. उंच इमारत उलटत का नाही, याचे उत्तर येथे आहे.

रुंदी ४७ मीटर व स्थैर्य-उंची ३ मीटर धरली, तर आवर्तकाल सुमारे २२ सेकंद येतो. हे डोलणे संथ असते. स्थैर्य-उंची ६ मीटर केली, तर तो १५ सेकंदांवर येतो; जहाज अधिक स्थिर, पण झटके अधिक. म्हणून अभियंत्याला सुरक्षितता आणि आराम यांचा मेळ घालावा लागतो. बाजूंना बसवलेले माशाच्या परांसारखे पंखही डोलणे कमी करतात; पण त्यांवरील बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने सर्वसाधारण पंख जहाज थांबले की निकामी होतात.

आजींना येथे एक फुकटचा उपाय सांगता येईल. जहाज पुढेमागे फक्त १ अंशाने कलले, तरी मध्यापासून १५० मीटरवरील खोली सुमारे २.६ मीटर वर-खाली होते. २० मीटरवरील खोली केवळ ३५ सेंटिमीटर. तेव्हा अवाढव्य जहाजाच्या टोकाची खोली घेण्यापेक्षा मध्यम जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली बरी.

तिसरा प्रश्न : जहाज जाईल कोठे?

येथे मोठेपणा आड येतो. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजहून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहरालगतच्या कालव्यातून जाण्यास बंदी आहे. अंटार्क्टिकावर पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि एका ठिकाणी एका वेळी शंभरच प्रवासी उतरू शकतात. उंचीचाही प्रश्न असतो. फिनलंडमध्ये बांधलेले ओएसिस २००९ साली बाल्टिक समुद्रातून बाहेर काढताना डेन्मार्कच्या ६५ मीटर उंच पुलाखालून न्यायचे होते. जहाजाची पाण्यावरील उंची ७२ मीटर. धुराडी आत ओढून घेतली आणि वेग सुमारे २० नॉट, म्हणजे तासाला ३७ किलोमीटर ठेवला. उथळ पाण्यात जहाजाखालून पाणी वेगाने वाहते, बर्नोलीच्या तत्त्वानुसार तेथील दाब घटतो आणि जहाज किंचित खाली बसते. त्यामुळे सुमारे ३० सेंटिमीटर मिळाले. पूल डोक्यावर ६० सेंटिमीटरपेक्षाही कमी अंतरावर राहिला!

आकार म्हणजे सुरक्षितता नव्हे

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही लहान बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. यावरून मोठे ते सुरक्षित, असे वाटेल. पण १३ जानेवारी २०१२ रोजी १,१४,००० टनेजचे 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून कलंडले आणि ३२ जण मृत्यू पावले. ते खडकाच्या फार जवळून नेले होते. कलंडल्यावर एका बाजूच्या कित्येक जीवरक्षक होड्या पाण्यात सोडता आल्या नाहीत. हवामान पाहून निघणे, योग्य मार्ग आणि होड्यांचा सराव यांची जागा टनेज घेऊ शकत नाही. म्हणून जहाज कोणत्याही कंपनीचे असो, पहिल्या दिवशीचा सुरक्षा-सराव चुकवू नये.

करून पाहा

१. ७,१०,००० घनमीटर बंदिस्त जागेच्या जहाजाचे ग्रॉस टनेज काढा. वरील यादीतील कोणते जहाज ते असावे?

२. साबणाची रिकामी आयताकृती डबी पाण्यात तरंगवा व तळाशी नाणी ठेवा. किंचित कलवून सोडा आणि डोलण्याचा आवर्तकाल मोजा. आता तीच नाणी डबीवर आडव्या ठेवलेल्या पुठ्ठ्यावर ठेवून पुन्हा मोजा. आवर्तकाल वाढतो की घटतो? डबी केव्हा उलटते?

३. १० सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी काढा. २११ मीटर लांबीचे एम्प्रेस आणि ३६० मीटरचे ओएसिस यांपैकी कोणते जहाज या लाटेवर अधिक हलेल? कारण लिहा.