निखारे, अवसर आणि वादाची मर्यादा

गोव्यात धर्म आणि विज्ञान यांचा वाद ग्रंथांपेक्षा जत्रेवरून अधिक पेटतो, आणि ज्याच्या घरचे माणूस त्या जत्रेत उतरलेले असते त्याच्याच तोंडावर तो घातला जात असल्यामुळे सिद्धान्ताची चर्चा पाहता पाहता अब्रूवर येते, हा डिचोली-पेडण्याच्या गावागावांतला अनुभव आहे.

डिचोली तालुक्यातील शिरगावी श्रीदेवी लईराईच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रत घेतलेले भक्त, काही दिवस सोवळ्यात राहून, हाती वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार अशा वेशात होमकुंडाच्या निखाऱ्यांतून अनवाणी जातात. कोळसा आणि त्यावरची राख यांतून उष्णता सावकाश वाहते, त्यामुळे झपझप पडणाऱ्या पावलाला भाजण्याइतकी उष्णता सहसा पोहोचत नाही, असे पदार्थविज्ञान सांगते. हे स्पष्टीकरण बरोबर आहे आणि ते दडवण्याचे कारण नाही. मात्र ते पाय का भाजत नाहीत याचे उत्तर आहे, धोंड व्रत का धरतो याचे नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर हाती आले म्हणून दुसऱ्याचाही निकाल लागला असे मानून धोंडाला भोळसट ठरवणारा तरुण, आणि साधी शंका विचारणाऱ्याला धर्मबुडवा म्हणून गप्प करणारा वडीलधारा, हे दोघेही वाद सुरू होण्याआधीच संपवतात.

३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. अशा वेळी देवीने त्यांना का वाचवले नाही, असे शोकाकुल घराला विचारणे हे क्रौर्य आहे. त्याचप्रमाणे अरुंद वाट, उतार आणि गर्दीचे नियोजन यांविषयी विचारणे हा देवीचा अपमान मानणेही तितकेच चुकीचे आहे.

पेडण्यातील प्रश्न अधिक नाजूक आहे. तेथे कोजागरीच्या रात्री, ‘पेडण्याची पुनव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्सवात, रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे, म्हणजे वस्त्रांनी सजवलेले देवखांब, निघतात. भूतबाधा झाली असे समजून काही माणसांना तेथे आणले जाते, आणि काहींच्या अंगात अवसर, म्हणजे दैवी संचार, येतो. अशा प्रकारच्या अवस्थांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा एक आद्य विचारवंत गोमंतकीयच होता, आणि तोही धर्मगुरू. १७५६ मध्ये कांदोळीस जन्मलेल्या आबे फारिया यांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून असे प्रतिपादन केले, की मोहनिद्रा संमोहकाच्या अंगच्या शक्तीने नव्हे, तर तीत जाणाऱ्याच्याच मनाने घडते. १८१६ मध्ये तेथील रंगभूमीवर त्यांची टर उडवणारे नाटक आले. फारियांचे म्हणणे पुढे मानसशास्त्राने बव्हंशी उचलून धरले, पण ते पाहायला ते हयात नव्हते. टिंगलीने खोटे पडते असे काही नसते, ऐकणारे तेवढे पांगतात.

म्हणून पुनवेला आणलेल्या रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना भूत आहे की नाही या वादात शिरूच नये. झोप, जेवण, आधीचे उपचार यांची विचारपूस करावी, बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयाची वाट दाखवावी, आणि एवढेच आर्जवाने सांगावे, की देवाला अवश्य जा, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका.