कप्तानबाईंचे पदक

जहाजाचा नांगर तुम्ही पाहिला आहे का? तो शेतातला नांगर नव्हे बरे! जाड साखळीला किंवा दोराला बांधलेला तो लोखंडी आकडा असतो. तो समुद्राच्या तळाशी रुतला, की होडी जागची हलत नाही. नांगर गेला आणि इंजिनही बंद पडले, की होडी वाऱ्याच्या हाती. वारा नेईल तिकडे जायचे.

२०१५ सालच्या जून महिन्यात ‘दुर्गम्मा’ नावाच्या मासेमारी होडीचे असेच झाले. बंगालच्या उपसागरात तिला वादळाने गाठले. इंजिन बंद पडले. नांगर गेला. शिदोरी आणि पिण्याचे पाणी लाटांनी वाहून नेले. होडीत सात कोळी होते. सर्वांत लहान १५ वर्षांचा, सर्वांत मोठा ५० वर्षांचा. सभोवार पाणीच पाणी, पण ते खारट. ते प्यायले तर तहान आणखी वाढते. मासे टिकवायला बर्फ घेतला होता, त्याच्यावरच त्यांनी जीव धरला. घरच्यांनी तर आशा सोडली होती. दिवसकार्याची तयारी चालली होती म्हणतात.

२२ जूनला ओडिशातील गोपाळपूरच्या बाजूला ‘संपूर्ण स्वराज्य’ हे तेलवाहू जहाज चालले होते. त्याच्या कप्तान होत्या राधिका मेनन. बाई केरळच्या. आधी जहाजावर बिनतारी संदेशाचे काम करीत, मग शिकत शिकत कप्तान झाल्या. जहाजाच्या दुय्यम अधिकाऱ्याला अडीच किलोमीटरवर ती होडी दिसली. वारा ताशी ११० किलोमीटरचा. लाटा २५ फुटांच्या, म्हणजे दुमजली घराएवढ्या. वरून पाऊस.

कोणी म्हणेल, एवढे मोठे जहाज, घेतली असेल होडी ओढून! तसे नसते. कासरा ओढला की बैल थांबतो, जहाज थांबत नाही. फार जवळ गेले, तर लाट होडीला जहाजाच्या पोलादी भिंतीवर आपटणार. मग फळ्याच उरतील. लांब राहिले, तर दोर पोचत नाही. समुद्राचा कायदा सांगतो, की संकटातल्या माणसाला मदत करा, पण आपले जहाज आणि माणसे मोठ्या धोक्यात घालू नका. धोका किती, ते कप्तानाने ठरवायचे. तेही त्याच घटकेला, कोणाला विचारायला वेळ नसताना. मला तर खरे धैर्य या ठरवण्यातच दिसते.

मेननबाईंनी लगेच हुकूम दिला. जहाजाच्या बाजूने दोरशिडी सोडली. पाण्यावर तरंगणारी जाकिटे आणि कडी तयार ठेवली. तीन वेळा प्रयत्न करावे लागले. उपाशी माणसाच्या हातांत बळ ते किती! तशा हातांनी हलत्या जहाजाची शिडी चढायची. पण सातही जण वर आले.

२०१६ साली लंडनला संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने मेननबाईंना समुद्रावरील असामान्य शौर्याचे पदक दिले. त्यांचे नाव भारत सरकारने सुचवले होते. हा मान मिळालेल्या जगातल्या त्या पहिल्या बाई.