आधी खणखणाट, मग हेलकावा

प्रश्न : आमचं गाव कोयनेच्या जवळ. भूकंप झाला की आधी मांडणीवरची भांडी खणखणतात, दोन-तीन सेकंदांनी घर हलतं. असं का?

उत्तर : फार बारकाईने पाहिलंत तुम्ही! भूकंप एकच, पण त्याच्या दोन लहरी वेगवेगळ्या वेळी पोचतात. प्राथमिक लहर खडकाला पुढे-मागे दाबत सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. दुय्यम लहर खडक आडवा हलवत साडेतीन किलोमीटरने येते, आणि घराला खरा त्रास तिचाच. दोन्हींमधल्या दर सेकंदामागे साधारण ८ किलोमीटर धरा. तीन सेकंद भरले, तर भूकंप जवळपास २५ किलोमीटरवर झाला. मात्र आकडे मोजत मोजतच भक्कम टेबलाखाली शिरा.

खोलवर खडक अधिक ताठर, म्हणून लहरींचा वेग वाढतो, वाट वाकते. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर मात्र दुय्यम लहर अडते. तिथला बाह्य गाभा मुख्यतः वितळलेल्या लोखंडाचा आहे, आणि द्रवातून आडवा हेलकावा पुढे जात नाही. गाभ्याचा माग १९०६ मध्ये रिचर्ड ओल्डहॅम यांनी लहरींवरूनच काढला. आसामच्या १८९७ च्या भूकंपाचा अभ्यासही त्यांचाच. त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, हे इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये दाखवलं.