इंग्रजीचा पाठ : 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे



आपल्यापैकी काही जण सुट्टीच्या दिवसांत पाड्यांवरच्या अभ्यासवर्गांना भेट देतात आणि मुलांना थोडे इंग्रजी शिकवतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. पण वारली किंवा कातकरी मुलांसाठी ती तिसरी भाषा असते. घरात बोली, शाळेत मराठी आणि मग इंग्रजी. म्हणून पुष्कळ शब्द एकदम देण्यापेक्षा रोज लागणारा एक शब्द पक्का करून द्यावा, असा माझा अनुभव आहे. या अंकासाठी मी 'लुक आफ्टर' हे क्रियापद निवडले आहे. आपल्या मुलांच्या आयुष्याशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

अर्थ

'लुक' म्हणजे बघणे. त्याच्या मागे एक छोटा शब्द लागला की अर्थ बदलतो. 'लुक ॲट' म्हणजे एखाद्या गोष्टीकडे बघणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, काळजी घेणे. मराठीला ही रीत परकी नाही. 'खाणे' आणि 'खाऊन टाकणे', 'बसणे' आणि 'बसून राहणे' यांत फरक आहेच. आपण दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रजीत छोटा शब्द जोडतात, इतकेच.

मुलांना हे पटवण्याचा सोपा मार्ग आपल्याच बोलण्यात आहे. 'म्हातारपणी मला कोण बघणार?' असे आजी म्हणते, तेव्हा तिला 'कोण सांभाळणार?' असेच विचारायचे असते. तोच हा 'लुक'.

मात्र शब्दाची फोड करू देऊ नका. 'आफ्टर' म्हणजे 'नंतर' हे मुलांनी पाठ केलेले असते. त्यामुळे 'मी नंतर बघतो' यासाठी ती 'आय विल लुक आफ्टर' म्हणतात. ऐकणारा मात्र 'मी सांभाळीन' असे समजतो आणि 'कोणाला?' याची वाट बघत राहतो. 'मी ते नंतर बघतो' यासाठी 'आय विल लुक ॲट इट लेटर' म्हणावे.

वाक्यात कसे वापरावे

१. प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो. मराठीत 'खाऊन टाकतो, खाऊन टाकले' असे रूप शेवटच्या शब्दाचे बदलते. त्या सवयीने मुले 'लुक आफ्टर्स' म्हणतात. बरोबर रूपे अशी : 'लुक्स आफ्टर', 'लुक्ट आफ्टर', 'लुकिंग आफ्टर'. भूतकाळाचा उच्चार 'लुकेड' नाही, 'लुक्ट' असा एका दमात करायचा.

२. ज्याला सांभाळायचे तो शब्द शेवटी येतो. 'शी लुक्स आफ्टर द गोट्स', म्हणजे ती शेळ्या सांभाळते. 'शी लुक्स द गोट्स आफ्टर' असे कधीही होत नाही. काही जोडक्रियापदांत मधे शब्द घालता येतो. 'पुट ऑन युवर शर्ट' आणि 'पुट युवर शर्ट ऑन' ही दोन्ही वाक्ये चालतात. 'लुक आफ्टर'ची जोडी मात्र फोडायची नाही.

३. मागे 'ऑफ' जोडायचे नाही. मराठीत आपण भावा'ची' काळजी घेतो, म्हणून मुले 'लुक आफ्टर ऑफ माय ब्रदर' म्हणतात. 'ऑफ' हवा असतो तो 'टेक केअर ऑफ' या दुसऱ्या प्रयोगात. दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच आहे. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (अध्याय १०) इंग्रजीत काढून बघा. जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाकडे सोपवताना जुन्या किंग जेम्स भाषांतरात 'टेक केअर ऑफ' आहे, तर अलीकडच्या न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये 'लुक आफ्टर' आहे. दोन प्रयोगांची भेसळ तेवढी टाळावी.

४. रोजच्या कामासाठी साधा काळ वापरावा. रोज भावाला सांभाळणारी मुलगी 'आय लुक आफ्टर माय ब्रदर' म्हणेल. 'आय ॲम लुकिंग आफ्टर माय ब्रदर' म्हणजे सध्या, या दिवसांत सांभाळते आहे. 'डिड' आले की क्रियापद मूळ रूपात येते : 'डिड यू लुक आफ्टर द बेबी?'

कोण कोणाला सांभाळते?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मराठीत 'ला' आणि 'ना' हे प्रत्यय कोण कोणाला सांभाळते हे सांगतात. त्यामुळे 'मी भावांना सांभाळते' म्हणा की 'भावांना मी सांभाळते' म्हणा, अर्थ तोच राहतो. इंग्रजीत हे काम शब्दांची जागा करते. सांभाळणारा आधी, ज्याला सांभाळायचे तो नंतर. जागा बदलली की अर्थ उलटा होतो.

त्यात एक सापळा आहे. इंग्रजीतल्या 'मला'चा उच्चार आपल्या 'मी'सारखाच होतो. 'भावांना मी सांभाळते' हे वाक्य मनात घेऊन मूल शब्दामागे शब्द ठेवते आणि म्हणते, 'माय ब्रदर्स लुक आफ्टर मी.' त्याच्या मनात 'मी' म्हणजे स्वतः सांभाळणारी. ऐकणाऱ्याला मात्र कळते, 'माझे भाऊ मला सांभाळतात.'

आमच्या वर्गातल्या एका सातवीच्या मुलीने शाळाप्रवेशाच्या मुलाखतीत नेमके हेच वाक्य उच्चारले. दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. तोवर दोन धाकट्या भावांचे जेवण, अंघोळ, शाळा सगळे तीच बघते. 'तुझ्या भावांना कोण सांभाळते?' असे इंग्रजीत विचारल्यावर तिने वरील उत्तर दिले. समोरच्या बाईंनी मान डोलावली आणि कागदावर लिहून घेतले की हिला सांभाळणारे भाऊ घरी आहेत. मी शेजारी बसले होते, म्हणून मराठीत खुलासा करता आला आणि नोंद बदलली. प्रत्येक मुलीच्या शेजारी असे कोणी बसलेले नसते. आठ महिने घर चालवणाऱ्या मुलीचे कष्ट एका शब्दाच्या जागेने पुसले जाऊ शकतात, म्हणून हा मुद्दा मी वर्गात पुन्हापुन्हा घेते.

प्रश्नही दोन प्रकारचे आहेत आणि ते जोडीने शिकवावेत :

'हू लुक्स आफ्टर यू?' : तुला कोण सांभाळते?
उत्तर : 'माय ग्रँडमदर लुक्स आफ्टर मी.'

'हू डू यू लुक आफ्टर?' : तू कोणाला सांभाळतेस?
उत्तर : 'आय लुक आफ्टर माय ब्रदर्स.'

मुलांना सांगावे, 'डू यू' ऐकू आले की काम तुझे आहे, उत्तर 'आय'ने सुरू कर. आमच्याकडे आम्ही हे उभे राहून करून घेतो. सांभाळणारा डावीकडे, ज्याला सांभाळायचे तो उजवीकडे आणि मधे 'लुक आफ्टर' लिहिलेला कागद धरलेले तिसरे मूल. मग दोघांनी जागा बदलायच्या आणि वाक्य पुन्हा म्हणायचे. पहिल्याच फेरीत हशा पिकतो, कारण शेळी आजीला सांभाळू लागते.

सराव

पुढील वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करून घ्या.

१. आजी आम्हाला सांभाळते.
२. मी रोज शेळ्या सांभाळतो.
३. काल बहिणीने बाळाला सांभाळले.
४. मी माझी वही शोधते आहे.
५. स्वतःची काळजी घे.

उत्तरे : १. 'ग्रँडमदर लुक्स आफ्टर अस.' २. 'आय लुक आफ्टर द गोट्स एव्हरी डे.' ३. 'माय सिस्टर लुक्ट आफ्टर द बेबी यस्टरडे.' ४. 'आय ॲम लुकिंग फॉर माय नोटबुक.' येथे 'आफ्टर' आले तर वही सांभाळली जाईल, सापडणार नाही. ५. 'लुक आफ्टर युवरसेल्फ.' निरोप घेताना हे वाक्य सहज वापरता येते.

पुढच्या वेळी पाड्यावर आलात की मुलांना पुस्तकातली वाक्ये विचारू नका. 'हू डू यू लुक आफ्टर?' असे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. कोणी शेळ्या सांगेल, कोणी पांगळी आजी, कोणी पाळण्यातले बाळ. वाक्य चुकले तर हलक्या हाताने शब्द जागेवर ठेवून द्या. ते बरोबर जमले की त्या मुलाला स्वतःचे खरे काम इंग्रजीत सांगता येईल, आणि ऐकणाऱ्याला ते तसेच्या तसे कळेल.